गेल्या वर्षीची सीडी कोणी चोरली?

माझ्याविषयी मी स्वतः काही बोलू नये, असा माझा नियम आहे. पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून तो मोडावा लागतो.

मी गोकुळदास नार्वेकर. डिचोलीचा खासगी तपासनीस. पेडण्यापासून वाळपईपर्यंतच्या गुन्हेगारांची माझ्या नावाने झोप उडते. त्यांतला एकही मला अजून भेटलेला नाही, यावरून त्यांनी किती धसका घेतलाय ते समजावं.

उभं आयुष्य मी सरकारी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. निवृत्त झाल्यावर दारावरच्या पाटीतला 'सरकारी' हा शब्द खोडून त्या जागी 'खासगी' लिहिलं. बाकी पाटी तीच, टोपी तीच, नजर तीच. माझ्या शास्त्राचा पाया एकाच निरीक्षणावर उभा आहे: ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. पावसाळ्यात खिडकीची झडप बंद असते, तेव्हा तो बंद झडपेकडे बघतो. गुन्ह्याचं सगळं मानसशास्त्र यात आलं. वाळपईच्या गाडीत एकदा मी समोरच्या काचेतून सतत बाहेर बघणारा एक इसम याच नियमाने पकडला. तो ड्रायव्हर निघाला. पण त्याच्याकडे तिकीट नव्हतं, हे माझ्या वरिष्ठांनाही नाकारता आलं नाही.

मोठ्या लोकांकडे स्वतःचं विमान असतं. माझ्याकडे विमान नाही, पण पायलट आहे. आमच्या गोव्यात भाड्याने मोटरसायकलवर मागे बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. डिचोली स्टँडवरचा विठू हा माझा पायलट आणि सहायक. सहायक असल्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ आली की सांगेन.

तर गणेश चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी विठू दारात हॉर्न वाजवत उभा राहिला. मुळगावच्या निहार परबाने मला बोलावलं होतं. चोरी झाली होती. मी टोपी घातली.

परबांच्या घरात चवथीची धांदल होती. निहारची आई आनंदी चुलीपाशी नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळत होती. ती मूळची बांद्याची, त्यामुळे हात आणि तोंड दोन्ही मालवणी वेगाने चालायची. ओसरीवर माटोळीची लाकडी चौकट उतरवून ठेवली होती, गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती, आणि तिच्या भोवती नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, तोरिंगं आणि रानातून आणलेली कसली कसली फळं पसरली होती. त्यांतून पाय उचलत निहारने मला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक टीव्ही, टीव्हीखाली एक काळी पेटी आणि पेटीसमोर एक पाट होता.

"गोकुळदासबाब," तो म्हणाला, "माझी सीडी गेली."

"कसली?"

"अमेरिकन फुटबॉलच्या गेमची. गेल्या वर्षीची."

मी खिडकीबाहेर बघितलं. मग माझाच नियम आठवून परत आत बघितलं.

हकीकत अशी. निहार इंजिनियर झाला, पण त्याला हवी तशी नोकरी मिळेना. मग अमेरिकेतल्या एका संकेतस्थळाने त्याला परीक्षेपुरतं एक काम दिलं. तिथली एक कंपनी हाताने खेळायच्या त्यांच्या फुटबॉलचा गेम दर वर्षी नवा काढते. दर वर्षी जगभरातले लोक तो विकत घेतात, खेळतात आणि हा तर गेल्याच वर्षीचा आहे म्हणून बोंबलतात. पुढच्या वर्षी पुन्हा घेतात. निहारने या वर्षीचा गेम गेल्या वर्षीच्या गेमशेजारी ठेवून मूल्यमापन करायचं होतं: काय बदललं, काय नाही, घ्यावा की न घ्यावा. पंचमीच्या रात्रीपर्यंत लिहून पाठवायचं. पसंत पडलं तर घरी बसून कायमची नोकरी. नाही पडलं तर सगुणमामाने त्याच्यासाठी खाणीच्या काट्यावर, म्हणजे ट्रक वजन करतात तिथे, जागा धरून ठेवली होती. चवथ झाली की सोमवारपासून रुजू. तसं निहारने मामाला वचनच दिलं होतं.

जुनी सीडी त्याने महिन्यापूर्वी म्हापशाहून कोणाची तरी वापरलेली आणली होती. तिला डबा नव्हता, कागदी पाकिटात यायची. महिनाभर त्याने ती घोटली. नवी काल कुरिअरने आली, डब्यातून. त्याने ती उघडून बघितली, फळीवर ठेवली, आईने सांगितलेला कापूर आणि सुपारी आणायला बाजारात गेला आणि येऊन डब्यातली सीडी मशीनमध्ये घातली. तेव्हापासून खेळतोय.

"आणि?"

"काही म्हणजे काही बदललेलं नाही. डब्यावर लिहिलंय, बर्फ पडला की तो शर्टाला चिकटतो. कोच चिडला की टोपी फेकतो. संघ हरायला लागला की प्रेक्षक उठून घरी जातात. माझ्याकडे बर्फ चिकटत नाही, टोपी पडत नाही, कोणी घरी जात नाही. म्हटलं जुनी लावून एकेक गोष्ट ताडून बघू, तर पाकीट रिकामं. जुनीशिवाय नवी आहे की नाही हे सांगू कसं?"

सीडी दिसायला कशी, ते मी विचारलं. दोन्ही सारख्याच, तो म्हणाला. काळ्या सीडीवर शिरस्त्राण घातलेला एक चिडका माणूस. साल फक्त डब्यावर असतं.

मी पुरावा तपासायला पाटावर बसलो. निहारने गेम चालू केला. मशीनने काही विचारलं नाही, घरच्या माणसासारखी सीडी लगेच आत घेतली. मी मनात म्हटलं, कंपनी सुसंस्कृत दिसते.

आता फुटबॉल गोमंतकीय माणसाला शिकवायला नको. पण हा खेळ काही मला फुटबॉल वाटेना. नंतर डोक्यात प्रकाश पडला. एक माणूस लंबगोल पार्सल छातीशी धरून जिवाच्या आकांताने धावतोय, बाकीचे त्याला ओढताहेत, पाडताहेत, त्याच्या अंगावर चढताहेत आणि पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला एक अधिकारी शिटी मारून सगळं थांबवतोय. म्हापसा स्टँडवरची शेवटची गाडी होती ती. शिटीवाला कंडक्टर. मी आयुष्यभर हा खेळ बघत आलो होतो, फक्त त्याला तिकीट लागतं हे माहीत नव्हतं.

प्रेक्षकांत मात्र मला काहीतरी दिसलं. पिवळ्या शर्टाचा एकच इसम सोळा ठिकाणी बसला होता. मी त्याला संशयित म्हणून मनात टिपून ठेवला. निहार म्हणाला, तो गेल्या वर्षीही होता. मी म्हटलं, म्हणूनच.

बर्फाचीही चाचणी घेतली. निहारने हवामान बर्फाळ ठेवलं आणि आम्ही शर्टांकडे टक लावून बसलो. बर्फ पडत होता, पण खाली जाऊन नाहीसा होत होता. विठू दारातून डोकावून म्हणाला, बाब, हो पावस न्हय, हें फकत पांढरें. त्या तिघांत, म्हणजे आम्हा तिघांत, बर्फ प्रत्यक्ष बघितलेला कोणीच नव्हता, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती.

मग मी सिद्धान्त मांडला.

"जुनी सीडी कंपनीने चोरली. जुनी असली तर नवीत काही नाही हे सिद्ध होईल. म्हणून पृथ्वीवरच्या सगळ्या जुन्या सीड्या ते गुपचूप गोळा करताहेत. सुरुवात मुळगावातून."

"मुळगावातून का?"

"इथे कोणाला संशय येणार नाही म्हणून."

निहार गप्प बसला. माझ्या सिद्धान्तांपुढे लोक असे गप्प बसतात, मला सवय आहे. बाहेर चौकशी केली तेव्हा समजलं की आदल्या दिवशी एक गोरा स्कूटरवरून येऊन मये तळ्याचा रस्ता विचारून गेला होता. अमेरिकन एजंटच. मी विठूच्या मागे बसून मये गाठलं. गोरा तळ्याच्या काठी छत्री धरून बगळे बघत होता. मी त्याला दरडावून देश विचारला. बेल्जियम, तो म्हणाला. त्याच्या पिशवीत दुर्बीण, केळी आणि एक उंडो निघाला. पाव टणक होता, म्हणजे सकाळचाच असणार, पण गुन्हा त्यावरून सिद्ध होईना. जाताना त्याने मला एक केळं दिलं. मी ते पुरावा म्हणून घेतलं आणि वाटेत खाल्लं.

परत येताना वत्सलाच्या मळ्यापाशी मी विठूला एकदम थांबवलं. वत्सला म्हणजे परबांची शेजारीण. तिचा सात शिरांच्या भेंड्यांचा मळा आणि मळाभर दोऱ्यांना टांगलेल्या सीड्या, वाऱ्यावर गरगरत, चमकत. मोर भेंडे खातात, त्यांना हुसकायला सगळेच टांगतात. पण माझ्यासारखा माणूस जाणतो, झाड लपवायचं तर जंगलात. सीडी लपवायची तर कुठे? सीड्यांत.

आम्ही सगळ्या सोडवल्या. विठू कुरकुरत होता, त्याला चवथीचं सामान न्यायचं होतं. निहारच्या मशीनमधली सीडी बाहेर काढून एकेक आत घालून बघायला लागलो. बऱ्याच लागल्याच नाहीत. एक मात्र लागली: वत्सलाच्या मुलीचं, ताराचं लग्न. अक्षता पडल्या, हार पडले, मग पंगत आली आणि पंगतीत मी दिसलो. वाढप्याला हाताने नको नको करत तिसऱ्यांदा श्रीखंड घेताना. पुरावा नष्ट करावा असं क्षणभर वाटलं.

तेवढ्यात वत्सला दारात उभी.

"माझे भेंडे मोर खातात आणि तुम्ही हांगा माझ्या धुवेचें लगीन पळयता?"

मी तपासाचं गांभीर्य तिला समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती. मग पाटाच्या कडेला टेकून म्हणाली, थोडं मागे घ्या, माझी जाऊ दिसली पाहिजे. लग्न संपेपर्यंत कोणी हललं नाही. मोरांनीही घाई केली नसावी.

दुसऱ्या दिवशी चवथ. मी दर्शनाच्या निमित्ताने तपास चालू ठेवला. परबांचा गणपती दीड दिवसाचा. त्याच्या डोक्यावर माटोळी भरून टांगली होती: आंबाडे, कांगलां, तोरिंगं, नारळांची पेंड म्हणजे घड, आणि बरोब्बर मधोमध एक गोल चकचकीत वस्तू, समईच्या उजेडाने सगळ्या घरावर इंद्रधनुष्य फिरवणारी. येणारा जाणारा माटोळीचं कौतुक करत होता. मीही केलं. माटोळीखाली बसून मी पातोळ्या खाल्ल्या आणि संशयितांचा क्रम लावला. आनंदीची साक्ष घ्यायची राहिली होती, पण ती सारखी कामात होती, आणि कामात असलेला माणूस गुन्हा करत नाही हे मला बसमध्ये समजलं होतं. निहार दर्शनाला फिरकलाच नाही. आरतीला हाक मारली तेव्हा आला, डोळे मिटून उभा राहिला, टाळ वाजवून परत मशीनपाशी गेला.

उरला एकच माणूस. सगुणमामा.

हेतू उघड होता. भाचा नापास झाला की मामाला काट्यावर माणूस मिळणार. म्हणून पंचमीच्या सकाळी मी काट्यावर धडकलो. पावसाळ्यात खनिजाचे ट्रक बंद, त्यामुळे भल्यामोठ्या लोखंडी काट्यावर फक्त एक मांजर झोपलं होतं आणि खोलीत सगुण चहा पीत होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

"सापडलास," मी म्हटलं.

"कोण?"

"सीडी कुठाय?"

त्याने आधी मला बसायला सांगितलं, चहा ओतला, आणि मग म्हणाला, "माका तेची सीडी कशाक? पोरगो पास झालो तर मी गावजेवण घालीन. नाय झालो तर हय पंखो आसा, सावली आसा, निदान बेकार तरी रवायचो नाय. म्हणून जागा धरून ठेवलंय. धरलेली जागा सोडूक माका आनंदच होतलो."

मग खिडकीबाहेर काय बघत होतास, असं मी विचारलं. मांजर, तो म्हणाला. काट्यावर झोपलं की आकडा हलतो.

मी निहारची अडचण सांगितली तेव्हा तो मान हलवत म्हणाला, यात काय, आम्ही रोज हेच करतो. ट्रक भरलेला एकदा घ्यायचा, रिकामा एकदा घ्यायचा, फरक तो माल. पण एकच ट्रक दोनदा भरलेला चढवलात तर फरक येणार कुठून? हे मला पाल्हाळ वाटलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, चहा संपवायच्या घाईत मी जरा नीट ऐकायला हवं होतं.

दुपारी परबांकडे आलो तेव्हा निहार हात धुऊन बसला होता. शब्दशः. जेवणाआधीच त्याने मूल्यमापन पाठवून दिलं होतं. त्यात एवढंच होतं की मी गेल्या वर्षीचा गेम महिनाभर खेळलो, या वर्षीचा तीन दिवस खेळलो, आणि दोन्ही इतके सारखे आहेत की कंपनीने फक्त डबा विकायला हवा होता. जुनी सीडी हरवली हेही त्याने लिहिलं होतं. खरं तेच लिहिलं, तो म्हणाला, पण याच्यावर नोकरी कोण देणार? उद्या मामाला सांगतो, सोमवारी येतो म्हणून.

आनंदी वाटीत खीर घेऊन आली होती, ती वाटी हातात तशीच धरून उभी राहिली.

"नवीन खेळल्याशिवाय तू लिवलंस कशाक?"

"आई, तीन दिवस तेच खेळतोय."

"ती जुनी रे. नवी खय खेळलंस? नवी देवाकडे आसा."

तिने वर बोट केलं. माटोळीच्या मधोमध ती गोल वस्तू शांतपणे फिरत होती. आम्हाला दिसत होती ती तिची चकचकीत बाजू. चिडका माणूस वरच्या बाजूला होता.

मी त्या वस्तूखाली दीड दिवस बसलो होतो. हे मी इथे केवळ प्रामाणिकपणा म्हणून लिहितो.

आनंदीने जे सांगितलं ते असं. घरात नवं काही आलं की ते आधी देवाला दाखवायचं. नवं भात पंचमीला कणसं पुजल्याशिवाय कोणी खात नाही, मग नवी सीडी कशी खेळायची? गेल्या चवथीला निहारने नवा लॅपटॉप न पुजता सुरू केला आणि महिन्यात वीज पडून जळला. या वेळी तर पोराच्या नोकरीचा प्रश्न. म्हणून निहार कापूर आणायला गेला तेव्हा तिने डब्यातली नवी काढून माटोळीसाठी ठेवली. पण सणाच्या दिवसांत फळीवर रिकामा डबा बरा नव्हे, म्हणून जुनी पाकिटातून काढून त्यात घातली. पंचमीला उत्तरपूजा झाली की नवी काढून देणार होती. तो लिहून आजच पाठवणार हे तिला कोणी सांगितलं होतं?

कोणीच सांगितलं नव्हतं. तिला कोणी काही विचारलंही नव्हतं.

निहारने आतल्या खोलीकडे बघितलं, मग वर बघितलं. जे सापडत नव्हतं ते मशीनमध्येच फिरत होतं, आणि जे मशीनमध्ये आहे असं त्याला वाटत होतं ते देवाच्या डोक्यावर. त्याने स्टूल ओढलं आणि दोरीला हात घातला. आनंदीने त्याचा हात धरला.

"उत्तरपूजा होवच्या आधी माटोळीक हात लावूक गावायचो नाय."

"आई, रात्रीपर्यंतच वेळ आहे."

"मगे भटजीक घेवन ये. माका कित्याक सांगतंस?"

पंचमीच्या दिवशी भटजी मिळवणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्यालाच माहीत. एक भटजी आणि वाड्यावाड्यांतले सगळे गणपती एकाच संध्याकाळी निघालेले. मात्र माणूस शोधणं हे माझं क्षेत्र. मी आणि विठू निघालो. तीन घरांत भटजी नुकतेच येऊन गेले होते. चौथ्या घरात मी त्यांना पकडलं, ते पंचा पिळत होते. मी त्यांना थेट मोटरसायकलवर बसवलं. मग लक्षात आलं की आता मला जागा नाही. तिघे एका गाडीवर मी कसा बसू देणार? माझी सगळी सेवा त्याविरुद्ध गेली. मी भटजींना पाठवलं आणि पावसातून चालत आलो.

पोचलो तेव्हा उत्तरपूजा झाली होती. आनंदीने माटोळीची दोरी सोडली, सीडी काढली, पदराने पुसली आणि तिच्यावर हळदकुंकवाचं बोट लावून निहारच्या हातात दिली. त्याने ती घेतली आणि आतल्या खोलीकडे धाव घेतली.

"आधी विसर्जन," आनंदी म्हणाली.

निहार थबकला. त्याने एकदा सीडीकडे बघितलं, एकदा गणपतीकडे. मग सीडी फळीवर ठेवून आला, टोपी घातली आणि गणपती डोक्यावर घेतला. विसर्जनाच्या तळीपर्यंत तो एकदाही घाईने चालला नाही. मी मागेच होतो, मला त्याची फार दया आली आणि अभिमानही वाटला. परत येताना मात्र तो असा धावला की त्याच्या हातात लंबगोल पार्सल असतं तर अमेरिकेत त्याला लगेच नोकरी लागली असती.

ओल्या कपड्यांनीच तो पाटावर बसला. आम्ही सगळे मागे. सगुण, वत्सला, विठू, मी, आणि हात पुसत आनंदी. निहारने सीडी घातली. मशीन या वेळी जरा गुरगुरलं, परका माणूस आल्यासारखं. मग मैदान दिसलं. बर्फ पडायला लागला. एक गडी पार्सल घेऊन धावला, पडला, उठला, आणि त्याच्या खांद्यावर बर्फ तसाच राहिला.

विठू टीव्हीजवळ सरकला.

"ही काय, पिठीसाखर?" आनंदी म्हणाली.

निहार हसला, तीन दिवसांत पहिल्यांदा. कोचची टोपी बघायला त्याला मुद्दाम हरावं लागलं. त्यात त्याला फारसे कष्ट पडले नाहीत. टोपी उडाली. मग प्रेक्षकांत हालचाल झाली आणि पिवळ्या शर्टाचे सोळाही इसम उठून घरी गेले. मला फार बरं वाटलं.

लिहायला बसला तेव्हा निहारचा हात अडला. पहिलं पाठवलेलं चुकीचं होतं, आता त्याचं काय सांगायचं? मी माझा अनुभव पणाला लावून सुचवलं की दोष कुरिअरवर ढकलावा. सगुण कोपऱ्यातून म्हणाला, "काट्यावर वजन चुकला तर आम्ही दुसरी पावती देतंव आणि पयली परत मागतंव. लपवला तर ट्रक परत येता."

निहारने सगळं लिहिलं. जुनी कुठे होती, नवी कुठे होती, माटोळी म्हणजे काय, वर काय काय टांगतात, उत्तरपूजेआधी हात का लावायचा नाही. मग नव्या गेममध्ये काय बदललं ते, बर्फासकट. पहिलं परत घ्यावं अशी विनंतीही केली. पाठवलं आणि न जेवता झोपला.

उत्तर सकाळी आलं. निहारने ते मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजीतून मराठी करत. संपादकाने लिहिलं होतं की त्याने हेच काम तिकडे आणखी काही जणांना दिलं होतं. त्या सगळ्यांनी लिहून पाठवलं की यंदाही काहीच बदललेलं नाही, शब्दसुद्धा निहारच्या पहिल्या लेखासारखेच. 'फरक एवढाच की तू निदान नवा गेम खेळला नव्हतास. ते खेळले होते.' बर्फ चिकटतो हे कोणालाच दिसलं नव्हतं, कारण कोणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. नोकरी निहारची.

सगुणने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि काट्यावर फोन लावून धरलेली जागा सोडली. मी टोपी काढून सर्वांचं अभिनंदन स्वीकारलं. विठूने बाहेर हॉर्न वाजवला. प्रकरण सोडवल्याबद्दल मला कोणी काही म्हणालं नाही, पण मोठ्या यशानंतर असा संकोच असतोच.

पत्र अजून संपलं नव्हतं. संपादकाला ती पद्धत फार पटली होती. पुढच्या वर्षीपासून त्याच्या प्रत्येक मूल्यमापकाने नवी सीडी घरी येताच दीड दिवस डोक्यावर टांगून ठेवायची, खाली बसून जुनी खेळायची आणि मगच नवी उतरवायची, असा नियम तो काढणार होता. चौकट बनवायला त्याने सुताराला सांगितलंही होतं. फक्त एक शंका होती, ती त्याने तातडीने विचारली होती.

निहारने आईकडे बघितलं. "ते विचारतात, तिथे चिबूड मिळत नाही. भोपळा चालेल का?"

आनंदी उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरत होती. तिने क्षणभर विचार केला.

"चलात," ती म्हणाली. "पण देठ काढू नको म्हणान सांग."